‘ऑगमेंटेडच्या नादी लागू नका’ : त्या फॉरवर्डला उत्तर

कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जळगावातून निघाला, धुळे-शिरपूर करून नंदुरबारला पोचला आणि माझ्याकडे तीनदा परत आला. त्याचं म्हणणं असं : ऑगमेंटेड कॉर्ड म्हणजे बिघडलेली मेजर (कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले स्वर, इथे तीन; सा-ग-प ही मेजर, ग कोमल केला की मायनर). बारा स्वरांच्या बारा वेगळ्या पाठ कराव्या लागतात. भुताच्या सीनशिवाय उपयोग नाही. आपल्या रागांत तिला जागा नाही, आणि मोठ्या संगीतकारांनीही तिला कधी हात लावला नाही. खाली जोडलेले हात, आणि ‘नवीन मुलांनी वेळ वाया घालवू नये’ हा सल्ला.

मी पोरांना कीबोर्ड शिकवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. दोन पालकांनी हा मेसेज दाखवून ‘सर, हे सोडा ना मग’ म्हटलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी ‘बारा पाठ करा’ घेऊ, कारण पोरं घाबरतात ती इथेच. पट्ट्या सी पासून मोजतो : पांढरी एक म्हणजे सी, तिलाच सा धरू. पांढरी एक, पांढरी तीन, काळी चार : ही झाली सी ऑगमेंटेड. तीन स्वरांमध्ये चार-चार अर्ध्या स्वरांचं अंतर (अर्धा स्वर म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून लगेच शेजारची पट्टी), आणि काळी चारपासून वरच्या सा पर्यंतही चारच. सप्तकाचे तीन सारखे तुकडे. त्यामुळे तीच कॉर्ड पांढरी तीनपासून धरली तर ती ई ऑगमेंटेड, काळी चारपासून धरली तर जी शार्प ऑगमेंटेड. पट्ट्या त्याच, नावं तीन. बारा भागिले तीन, उरल्या चार : वर सांगितलेली एक, काळी एक-पांढरी चार-पांढरी सहा, पांढरी दोन-काळी तीन-काळी पाच, काळी दोन-पांढरी पाच-पांढरी सात. संपलं. शिवाय मेजर उलटवून, म्हणजे खालचा स्वर वर नेऊन, धरली की हाताचा पसारा बदलतो, सात, आठ, नऊ अर्धे स्वर. ऑगमेंटेड कशीही उलटवा, आठच. हात एकदा बसला की बसला.

या सारखेपणाचा तोटाही आहे, तो मेसेजवाल्याने सांगितला असता तर मी मान डोलावली असती. चोपड्याकडच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. स्टाइल, म्हणजे कीबोर्डचा आपोआप वाजणारा ताल आणि बेस, चालू; डाव्या हाताने मी सोयीसाठी पांढरी तीन खाली ठेवून कॉर्ड धरली. माझ्या मनात सी, पण मशीनने सगळ्यात खालचा स्वर मूळ धरला आणि बेस गेला भलतीकडे. ढोलकीवाला मागून ओरडला, ‘हाई काय वाजाडी ऱ्हायना भो?’ चूक माझीच. ऑटो बेस चालू असेल तर मूळ स्वर खाली ठेवायचा, हे त्या दिवशी शिकलो.

आता ‘बिघडलेली मेजर’. सा-ग-प मधला पंचम अर्धा स्वर चढवला की सा-ग-कोमल ध होतो, एवढं खरं. पण उलट करून बघा. या कॉर्डमधलं कुठलंही एक बोट अर्धा स्वर खाली आणा, मेजर मिळते. कुठलंही एक वर न्या, मायनर. तीन मेजर आणि तीन मायनर एका बोटाच्या अंतरावर. याला बिघाड म्हणायचं तर जळगाव स्टेशनलाही बिघडलेली लाइन म्हणा, कारण तिथून एक गाडी मनमाडकडे, एक भुसावळकडे, एक अमळनेरवरून सुरतकडे जाते.

जंक्शन उगाच म्हणत नाही. सी ऑगमेंटेडवरून पांढरी चारच्या मेजरला जा, पांढरी सहाच्या जा, नाहीतर काळी एकच्या. दरवेळी एक बोट जागेवर राहतं आणि बाकीची दोन अर्धा स्वर वर सरकतात. गंमत म्हणजे ही तीन ठिकाणं मिळून पुन्हा एक ऑगमेंटेडच होते.

म्हणून ‘फक्त भुतासाठी’ हे पटत नाही. कॉर्ड मधेच सोडून दिली, किंवा तीच आकृती वर-खाली घसरवत नेली, की भीती वाटते, कारण गाडी कुठे चालली ते कळत नाही. पोचवली तर वेगळंच ऐकू येतं. सी मेजर चार मात्रा, सी ऑगमेंटेड चार मात्रा, मग एफ मेजर. वरचं एकच बोट ऐका : प, कोमल ध, शुद्ध ध. एक पायरी चढल्यासारखं. अंतऱ्यात गायक वर जाणार असेल तेव्हा हे वाजवा, तो स्वतःच मान वळवून बघेल. किंवा जी मेजरऐवजी जी ऑगमेंटेड घेऊन सी वर या. काळी दोन ग मध्ये अशी विरघळते की नुसती जी मेजर कोरडी वाटायला लागते.

मोठ्या संगीतकारांचं दोन ओळीत. लिस्ट या हंगेरियन संगीतकाराच्या फाउस्ट सिंफनीची सुरुवातच चारही ऑगमेंटेड एकामागून एक उलगडत होते, बाराही स्वर त्यात येऊन जातात. ती १८५७ मध्ये जर्मनीतल्या वायमारला वाजली. त्याआधी १८५३ मध्ये वाइट्समान नावाच्या जर्मन संगीतज्ञाने फक्त या एका कॉर्डवर पुस्तक लिहिलं होतं.

रागांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. भैरवात सा, शुद्ध ग, कोमल ध आहेतच. किरवाणीत कोमल ग, प, शुद्ध नी, तीही ऑगमेंटेडच. म्हणजे ‘जागाच नाही’ हे चूक. पण स्वर आहेत म्हणून कॉर्ड चालते असंही नाही. भैरवाचा धैवत आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा. पट्टी दाबून तो हलत नाही, आणि खाली कॉर्ड ठेवली तर त्याचा जीवच जातो. आणखी एक : तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला कीबोर्डचा ग चढा लागतो. खरा गंधार ३८६.३ सेंटचा, कीबोर्डचा ४०० (कीबोर्डचा अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, सप्तक १२००). तसे तीन खरे गंधार एकावर एक रचले तर सुमारे ११५९ होतात, सप्तक पुरं होत नाही, सुमारे ४१ सेंट कमी पडतात. तीन तुकडे सारखे बसतात ते कीबोर्डच्या सोयीच्या स्वरजुळणीमुळे.

तेव्हा बंदिशीखाली नको. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्याखाली तर कुठलीच कॉर्ड नको, बायकांचे आवाज पुरेसे आहेत. पण किरवाणीच्या अंगाचं भावगीत असेल, मायनरवरून निघालं असेल, तर ध्रुवपदाकडे परतताना एक मात्रा कोमल ग-प-नी धरून सा च्या मायनरवर या. माझ्याकडची सातवीतली मुलगी हे दुसऱ्या दिवशी न बघता वाजवत होती.