सर, लोक खोटं बोलतात हे मान्य; पण कुठे आणि किती?

सर, नमस्कार.

‘वाढतं वय आणि कंडोम’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया शांतपणे दोनदा वाचली. खाली ‘एक निवृत्त गणित शिक्षक’ अशी सही आहे, तेव्हा ‘सर’च म्हणतो. उत्तर तिथल्या तिथे द्यायला बसलो होतो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तो लेख इंडियाना विद्यापीठाच्या पाहणीवर होता. २००९ साली अमेरिकेतल्या १४ ते ९४ वयाच्या ५,८६५ जणांना त्यांचे शरीरसंबंध आणि कंडोमचा वापर याबद्दल विचारलं गेलं. निष्कर्ष ऑक्टोबर २०१० मध्ये छापून आले. सरांचं म्हणणं असं: अंथरुणातल्या गोष्टी कुणी खऱ्या सांगत नाही, म्हणजे ही नुसती ‘गप्पांची टक्केवारी’; सहा हजार माणसंही नाहीत, त्यांच्यावरून अख्खा देश कसा कळणार; पाहणीचा खर्च कंडोम विकणाऱ्या कंपनीने केला आणि ते मी लपवलं; आणि ‘चारातला एकच अमेरिकन कंडोम वापरतो’ या माझ्या वाक्याला शेंडाबुडखा नाही. जाता जाता एक टोलाही आहे: ‘सत्तरी उलटलेल्यांना हे विचारून कुणाचं भलं होणार?’

त्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. पाहणीत ‘चारातला एक माणूस’ असं कुठेच नाही. तिथे आहे ते असं, की स्त्री-पुरुष संभोगाच्या दर चार वेळांपैकी एका वेळी कंडोम वापरलेला होता. अविवाहितांमध्ये हेच प्रमाण तीनातून एक. मी ‘वेळा’ मोजायच्या जागी ‘माणसं’ मोजली. तुम्ही वर्गात फळ्यावर मांडलं असतं तसं मांडतो. चार जोडपी घ्या. तीन जोडपी महिन्यातून दोनदाच एकत्र येतात आणि प्रत्येक वेळी कंडोम वापरतात: झाले सहा. चौथं जोडपं महिन्यात अठरा वेळा एकत्र येतं आणि कंडोमला हातही लावत नाही. एकूण वेळा चोवीस, कंडोमच्या सहा. म्हणजे चारातून एक! आणि जोडप्यांचं बघाल तर चारातली तीन कायम वापरणारी. तोच आकडा, पण माझ्या वाक्याने देशातली बहुसंख्य माणसं बेफिकीर ठरवून टाकली. उदाहरण अर्थातच टोकाचं आहे, पण चूक नेमकी याच जातीची होती.

प्रायोजकाचंही तुमचं बरोबर. पैसे चर्च अँड ड्वाइट कंपनीचे होते, म्हणजे ट्रोजन कंडोमवाले. संशोधकांनी ते उघडपणे लिहिलं आहे. मी लिहिलं नाही. लपवायचा हेतू नव्हता, पण वाचणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? फक्त एक सांगतो. पैसे कुणाचे हे कळल्यावर सगळ्याच निष्कर्षांकडे सारख्याच संशयाने बघायचं कारण नाही. ‘चारातून एकदाच वापर’ हा आकडा फुगवून किंवा दाबून कंपनीला काय मिळणार होतं, मला तरी दिसत नाही. पण त्याच पाहणीत असंही निघालं, की कंडोम वापरलेल्यांनी त्या वेळच्या उत्तेजनेला आणि सुखाला न वापरलेल्यांइतकेच गुण दिले. हे वाक्य मात्र जाहिरातीच्या फार जवळ जातं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण कंडोम कुणी वापरायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना त्याचा त्रास वाटत नाही तेच वापरत असणार, आणि त्यांनाच गुण विचारले. लेखात मी हा निष्कर्ष आनंदाने, एकही शंका न काढता लिहिला. तिथे माझा कान धरायला हवा होता, तुम्ही धरला नाहीत.

(असल्या पाहण्यांना सरकारी पैसा सहज मिळत नाही, हेही आहेच. ब्रिटनमध्ये १९८९ साली थॅचर सरकारने अशाच राष्ट्रीय पाहणीचा पैसा नाकारला, मग ती वेलकम ट्रस्ट या खाजगी धर्मादाय संस्थेने उचलून धरली. अमेरिकेतही १९९२ची मोठी पाहणी शेवटी खाजगी संस्थांच्या पैशावर झाली.)

नमुन्याच्या आकाराचं मात्र पटत नाही. माणसांच्या लैंगिक वागण्याचा अभ्यास करणाऱ्या आल्फ्रेड किन्सीने याच इंडियाना विद्यापीठात काम केलं. १९४८ सालच्या त्याच्या पुस्तकात सुमारे ५,३०० पुरुष आहेत. यात १४ ते ९४ वयाचे स्त्री-पुरुष मिळून ५,८६५, म्हणजे संख्या जवळपास तेवढीच. तरी किन्सीच्या टक्केवारीवरून आज संशोधक सबंध अमेरिकेबद्दल बोलत नाहीत, कारण त्याची माणसं बरीचशी आपणहून पुढे आलेली होती. २००९ला माणसं चिठ्ठीने निवडली होती, टेलिफोन क्रमांक आणि पत्ते यांच्या यादीतून. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना ते पुरवलं गेलं. भात शिजला का हे एका शिताने कळतं, पण ढवळलेल्या भातातल्या.

आता तुमचा खरा मुद्दा: लोक खोटं बोलतात. बोलतात, सर. याबद्दल सर्वांत कमी भाबडी माणसं म्हणजे हे संशोधकच. ते खोट्यालाच मोजायला बसतात.

१९९५ साली अमेरिकेत १५ ते १९ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत एक प्रयोग केला गेला. काहींना छापील कागद दिला, उत्तरं स्वतःच लिहायची. बाकीच्यांच्या कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. प्रश्न फक्त त्या पोराला ऐकू येतो, आणि उत्तर म्हणून त्याने एक आकडा दाबायचा. शेजारी कुणी बसलं असलं तरी काय विचारलं आणि याने काय दाबलं, ते कळत नाही. दुसऱ्या पुरुषाशी कधी शरीरसंबंध आला का, याला कागदावर ‘हो’ म्हणाले १.५ टक्के. हेडफोनवाल्यांत ५.५ टक्के. प्रश्न तोच, मुलंही त्याच वयाची. लिहिलेला कागद कुणीतरी उचलून वाचेल, ही धास्ती तेवढी निघून गेली.

२००३ सालचा एक अमेरिकी प्रयोग त्याहून मिश्कील आहे. कॉलेजच्या मुलामुलींना आतापर्यंतच्या जोडीदारांची संख्या विचारली. उत्तरपत्रिका दुसरं कुणी बघेल असं ज्या मुलींना वाटत होतं, त्यांची सरासरी आली २.६. काहींच्या अंगाला खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या वायरी जोडल्या. यंत्र बंदच होतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांची सरासरी ४.४! मुलांचे आकडे ३.७ आणि ४.०, म्हणजे जवळजवळ तिथेच. मुली कमी सांगत होत्या, आणि कुणाच्या नजरेला घाबरून, हे वेगळं सांगायला नको.

कंडोमच्या बाबतीत तर शरीराचीच साक्ष काढली गेली. १५ ते २१ वयाच्या कृष्णवर्णीय मुलींपैकी १८६ जणी म्हणाल्या, गेल्या चौदा दिवसांत प्रत्येक वेळी कंडोम वापरला. योनीतल्या स्रावाची तपासणी केली, तर ३४ टक्के मुलींच्या नमुन्यात वाय गुणसूत्र सापडलं, जे पुरुषाकडूनच येतं. यातल्या सगळ्याच खोटं बोलल्या असं म्हणायची घाई करू नका. कंडोम फाटतो, निसटतो, उशिरा चढवला जातो. ‘वापरला का’ या प्रश्नाला तरीही ‘हो’ हे प्रामाणिक उत्तर असतं.

पण यातून एक गोष्ट हाती लागते: खोट्याला दिशा असते. कंडोम वापरणं हे ‘शहाण्या मुलाचं’ उत्तर आहे, म्हणून झुकाव जास्त सांगण्याकडे. मग खरा वापर चारातल्या एकाहून कमी असेल, जास्त नव्हे. म्हणजे तुमचा आक्षेप धरूनही माझ्या लेखाचा गाभा ढळत नाही, उलट बोचरा होतो.

आणि सगळीच तफावत खोटेपणाची नसते. इंडियानाच्या त्या पाहणीत ८५ टक्के पुरुष म्हणाले, शेवटच्या वेळी माझ्या जोडीदाराला परमसुख मिळालं. स्वतःला मिळालं म्हणणाऱ्या स्त्रिया ६४ टक्के. काही पुरुषांचे जोडीदार पुरुष होते हे धरलं तरी एवढं अंतर भरून निघत नाही. इथे पुरुष थापा मारतायत असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटलेलं असणार, आणि तेच जास्त वाईट आहे.

राहिला तुमचा टोला. ‘सत्तरी उलटलेल्यांना कशाला विचारायचं?’ २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ अमेरिकनांची पाहणी आली. ७५ ते ८५ या गटातले २६ टक्के लोक गेल्या वर्षभरात जोडीदाराशी संबंध आल्याचं सांगत होते; ६५ ते ७४ मध्ये ५३ टक्के. पन्नाशीनंतर डॉक्टरशी या विषयावर एकदा तरी बोललेले पुरुष ३८ टक्के, स्त्रिया २२ टक्के. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही.

आणि इंडियानाच्या पाहणीत कंडोमचा वापर सर्वांत कमी कुणात? चाळिशी ओलांडलेल्यांत. इथेही माझ्या लेखातला सूर जरा उपदेशाचा लागला होता, ते आज वाचताना जाणवलं. तीस वर्षं एकमेकांसोबत असलेल्या जोडप्याने कंडोम वापरला नाही तर त्यात बेफिकिरी कसली? पण जोडीदार गेल्यावर किंवा घटस्फोटानंतर साठीत नव्याने कुणी भेटतं, तेव्हा दिवस राहायची भीती संपलेली असते आणि कंडोमचं कामही संपलं असं दोघांना वाटतं. पाळी गेल्यावर योनीचं अस्तर पातळ होतं, बारीक जखमा पटकन होतात, आणि संसर्गाला वाट मिळते. नुसत्या वयाच्या रकान्यात हे जुनं जोडपं आणि ही नवी जोडी एकाच आकड्यात मिसळतात. म्हणून शेवटच्या वेळी जोडीदार कोण होता, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि ‘तुम्ही सहसा वापरता का’ असं न विचारता ‘शेवटच्या वेळी वापरला का’ असं विचारावं लागतं. ‘सहसा’ला माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. शेवटची वेळ आठवावी लागते.

मूळ लेखातलं ‘चारातला एक अमेरिकन’ आत्ताच खोडलंय, पुसलेलं नाही. शेजारी बरोबर वाक्य आणि खाली प्रायोजकाचं नाव घातलंय. चार जोडप्यांचं गणित एकदा तपासून सांगा, सर. वर्गात चालणारं नाही, पण हिशेब जमला असावा.