तेरा शस्त्रक्रियांचा पराक्रम: बॉबी ओरच्या नावाने फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा संदेश माझ्याकडे चार वेळा आला. पहिल्या तीन वेळी मी तो वाचून सोडून दिला. चौथ्या वेळी तो माझ्या भाच्याने पाठवला. भाचा एकोणीस वर्षांचा आहे, जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो, कोपरा सांभाळतो, आणि चढाईपटूचा घोटा धरताना त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले आहेत आणि नऊ महिने मॅटवर पाय ठेवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्याच्या संघातल्या कोणा वडीलधाऱ्याने हा संदेश गटात टाकला आणि भाच्याने तो मला पाठवून खाली एकच ओळ लिहिली: "मामा, हा तेरा ऑपरेशनं करून खेळला, माझं तर एकच झालंय." त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला, की त्याच्या कॉलेजच्या पिशवीत वह्यांच्या खाली मॅटचे बूट आणि क्रेप बँडेज सापडले.

संदेश थोडक्यात असा आहे. बॉबी ओर हा आइस हॉकीचा गोलकीपर. त्याने हवेत झेप घेऊन अंतिम सामन्यातला विजयी गोल मारला. डॉक्टरांनी खेळू नकोस असे सांगूनही तेरा शस्त्रक्रिया सोसून तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त ताकदीने परतला. संघाने मालकीत वाटा देऊ केला तेव्हा "मला पैसा नको, खेळ हवा" असे म्हणून त्याने तो नाकारला. आणि चाळिशीपर्यंत तो खेळत राहिला. शेवटी ठळक अक्षरांत: वेदना फक्त मनात असते.

गोलकीपरचा मुद्दा आधी उरकून टाकतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावात 1948 साली जन्मलेला ओर बचावपटू होता. या खेळात गोलरक्षकापुढे पाच खेळाडू असतात, त्यांपैकी दोघे बचावाचे; आपल्या गोलसमोरची जागा मोकळी ठेवणे आणि पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची रबरी चकती, पुढच्या तिघांच्या हाती देणे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. ओर मात्र पक स्वतःच घेऊन समोरच्या टोकापर्यंत जाई आणि हल्ला फसला तर परत येऊन बचावाला उभा राही. 1969-70 आणि 1974-75 या दोन्ही मोसमांत एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलांना साहाय्य मिळून) त्याचे होते, आणि हा मान मिळवणारा दुसरा बचावपटू आजवर झालेला नाही. सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने ओळीने आठ वर्षे जिंकली. ज्या माणसाने बचावपटूच्या कामाची व्याख्या बदलली, त्यालाच गोलकीपर ठरवून संदेश सुरू होतो. पुढचे वाचायला खरे तर एवढ्यावरच नकार द्यायला हवा होता.

झेपेचे छायाचित्र खरे आहे, त्याखालची ओळ खोटी आहे. 10 मे 1970, बॉस्टन गार्डन, ओरचा संघ बॉस्टन ब्रुइन्स आणि सेंट लुईस ब्लूज यांच्यातल्या अंतिम मालिकेतला चौथा सामना. जादा वेळेच्या चाळिसाव्या सेकंदाला सहकारी डेरेक सँडरसनने गोलच्या मागून दिलेला पक ओरने सेंट लुईसचा गोलरक्षक ग्लेन हॉल याच्या पायांतून आत ढकलला आणि बॉस्टनने एकोणतीस वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. ओर हवेत आडवा झाला तो त्यानंतर, कारण सेंट लुईसच्या नोएल पिकार्डची स्टिक त्याच्या पायात आली होती. पक आत गेलेला पाहून आपणही उडी घेतली, असे ओरने नंतर सांगितले आहे, तेव्हा झेपेत थोडा आनंदही होता हे मी मान्य करतो. पण गोल झाला तेव्हा त्याचे स्केट्स बर्फावरच होते.

आता गुडघा, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो. शस्त्रक्रियांच्या संख्येवर मी भांडत नाही. ती डझनाच्या वर सांगितली जाते आणि तेरा म्हटले तरी चालेल. प्रश्न आहे तो "प्रत्येक वेळी आधीपेक्षा ताकदीने" या शब्दांचा. त्याला उत्तर द्यायला एनएचएलच्या नोंदींमधला एकच तक्ता पुरतो: ओर कोणत्या मोसमात किती सामने खेळला. दुसऱ्याच मोसमात, म्हणजे 1967-68 मध्ये, 74 पैकी 46. वय एकोणीस, माझ्या भाच्याएवढेच. 1972-73 मध्ये 78 पैकी 63. त्याच 1972 च्या सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची जी गाजलेली मालिका झाली, तीत हा जगातला सर्वोत्तम खेळाडू गुडघ्यामुळे एकही सामना खेळू शकला नाही. 1974-75 मध्ये मात्र तो 80 पैकी 80 सामने खेळला, 46 गोल केले, 89 गोलांना साहाय्य केले. संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हाच मोसम असावा. पुढच्या चार ओळी त्याने पाहिलेल्या दिसत नाहीत: 10 सामने, 20 सामने, शून्य सामने, 6 सामने. नोव्हेंबर 1978 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. एकूण सामने 657. "चाळिशीपर्यंत खेळला" या वाक्याला वेगळे उत्तर द्यायची आता गरज उरली नसावी.

एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना, कबूल केली पाहिजे. 1975-76 च्या त्या दहा सामन्यांनंतर, सप्टेंबर 1976 मध्ये, ओर जायबंदी गुडघ्यानिशी कॅनडा कप या देशादेशांतल्या स्पर्धेत कॅनडाच्या सातही सामन्यांत उतरला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. देशासाठी खेळण्याची ती एकच मोठी संधी त्याला मिळाली आणि ती त्याने सोडली नाही. त्या हट्टाला नाव ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण त्या स्पर्धेनंतर त्याच्या उरलेल्या कारकिर्दीत एनएचएलचे एकंदर 26 सामने शिल्लक होते, हा त्याच गोष्टीचा उत्तरार्ध आहे आणि पूर्वार्ध सांगणाऱ्याने तोही सांगायला हवा.

शिवाय त्या काळच्या शस्त्रक्रिया म्हणजे काय होत्या, हेही पाहावे. आज दुर्बिणीतून दोन-तीन छोट्या छेदांवर होणारे काम तेव्हा गुडघा उघडून केले जाई आणि गुडघ्यातली गादी फाटली तर ती बहुतेक वेळा सबंध काढून टाकली जाई. गादी काढलेल्या गुडघ्यात हाडांवर भार येऊन झीज दिसू लागते, हे फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1948 सालीच लिहून ठेवले होते. म्हणजे ओरचा जन्म आणि हे निरीक्षण एकाच वर्षीचे. ते शस्त्रक्रियागृहांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे गेली आणि ओरची कारकीर्द नेमकी त्या मधल्या काळात येते. गादी शक्य तितकी वाचवायची, लिगामेंट नव्याने बसवायचे आणि मग ते हाडात रुजेपर्यंत थांबायचे, ही आजची पद्धत आहे. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचे गुडघे पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे, म्हणून डॉक्टर नऊ महिने म्हणतात. पेशंट भित्रा आहे असे त्यांना वाटते म्हणून नव्हे. ओरला जे उपचार मिळूच शकत नव्हते ते भाच्याला मिळाले आहेत आणि ते वाया घालवण्यासाठी त्याला ओरचेच उदाहरण दिले जात आहे.

मालकीतल्या वाट्याची गोष्ट तर चीड आणणारी आहे. बॉस्टनने 1976 मध्ये ओरला संघाच्या मालकीत सुमारे 18 टक्के वाटा देऊ केला होता, हे खरे. ओरचे म्हणणे असे की त्याचा एजंट अॅलन ईगलसन याने ही गोष्ट त्याला सांगितलीच नाही. ज्याला तो भावासारखा मानत होता त्याच्या शब्दावर त्याने शिकागोच्या संघाशी करार केला, आणि कारकीर्द संपल्यावर पाहतो तर हाती जवळजवळ काही उरले नव्हते. हाच ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता. पुढे 1998 मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल करून तो तुरुंगात गेला. ती शिक्षा ओरच्या कराराबद्दल नव्हती, हे स्पष्ट केलेले बरे. पण विश्वासू माणसाने अंधारात ठेवल्याची ही तक्रार "मला पैसा नको" अशा त्यागकथेत बदलणे म्हणजे नाडल्या गेलेल्या माणसालाच दानशूर ठरवणे आहे.

वेदना मनात असते की गुडघ्यात, यावर शब्द खर्च करत नाही. बचावपटूच्या चिकाटीचेच उदाहरण हवे असेल तर स्वीडनचा निकलास लिडस्ट्रॉम घ्यावा: डेट्रॉइटसाठी वीस मोसम, 1564 सामने, सात नॉरिस ट्रॉफी, निवृत्ती बेचाळिसाव्या वर्षी. धडका देण्याघेण्यापेक्षा योग्य जागी आधीच उभे राहण्यावर त्याचा खेळ उभा होता. त्याच्यावर कोणी संदेश फिरवत नाही, कारण नेमक्या जागी उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र फारसे चित्तवेधक नसते.

भाच्याला मी यातले काहीच लिहिले नाही. फक्त सामन्यांचा तो तक्ता पाठवला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "1977-78 च्या ओळीत काहीच का नाही?" मी लिहिले, की त्या वर्षी तो खेळूच शकला नाही, आणि खेळलो नाही तर पगार कसला, म्हणून शिकागोकडून पैसेही त्याने घेतले नाहीत. त्यावर उत्तर आले नाही. मॅटचे बूट सध्या बहिणीच्या कपाटात आहेत.