बारा राशी आणि दोन गुडघे

श्रीनगरच्या निशात बागेविषयी सहलीच्या माहितीपत्रकात जे छापलेले असते ते सगळे खरे असते. फक्त ही बाग डोंगराच्या उतारावर आहे, ही गोष्ट तिथे सौंदर्याच्या सदरात दिलेली असते, श्रमाच्या नव्हे. नूरजहाँचा भाऊ आणि शहाजहानचा सासरा असलेल्या आसफखानाने १६३३ मध्ये दल सरोवराच्या पूर्व काठावर, झबरवानच्या डोंगराला पाठ टेकवून ही बाग वसवली आणि बारा राशींसाठी तिचे बारा टप्पे केले. त्या काळी पाहुणे सरोवरातून नावेने थेट बागेच्या पायथ्याशी उतरत. आता मध्ये रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर आमची बस होती.

आमच्या टूर मॅनेजरने शिट्टी वाजवून सव्वापाचला बसपाशी हजर राहण्याची ताकीद दिली आणि बारा राशींची माहिती सांगितली. ही माहिती त्याने सांगायला नको होती. सौभाग्यवतींच्या मावशी, ज्यांच्या गुडघ्यांची काळजी आम्ही मुंबईपासून आळीपाळीने वाहत होतो, पहिल्याच टप्प्यावरच्या चिनाराखाली बैठक मारून म्हणाल्या, "माझी रास मेष. माझी बाग झाली." तूळ राशीचे एक निवृत्त बँक अधिकारी आपण सातव्यापुढे पाऊल टाकणार नसल्याचे जाहीर करून मोकळे झाले. माझी रास मीन आहे.

"म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत जावंच लागणार, जावईबापू," मावशी समाधानाने म्हणाल्या.

टप्पे वरून मोजावेत, कारण पाणीही वरूनच येते, असा युक्तिवाद मी करून पाहिला. "पाण्यानं तिकीट काढलेलं नाही," असे सौभाग्यवतींनी सांगितले आणि त्या चालू लागल्या.

वास्तविक या बागेत सर्वांत शहाणे कोणी असेल तर ते पाणीच. डोंगरातून आलेले पाणी मधल्या पाटातून निघते, प्रत्येक टप्प्याच्या कडेला कोरीव दगडी उतारावरून फेसाळत खाली येते, आणि मूळ रचनेत तर कारंजीदेखील निव्वळ उंचीच्या दाबावर, कोणत्याही यंत्रावाचून उडत असत. गुरुत्वाकर्षणाचा सगळा नफा असा पाण्याच्या खाती जमा होतो आणि तोटा आमच्यासारख्यांच्या पोटऱ्यांत वळता केला जातो. आसफखानाला याची जाणीव असावी, कारण ठिकठिकाणी धबधब्याच्या माथ्यावर त्याने दगडी बैठका ठेवल्या आहेत. त्यांच्यावर बसावे, पायांखालून जाणारे पाणी ऐकावे आणि समोरचे सरोवर पाहावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. बसून पाहण्यासाठी बांधलेली ही बाग आम्ही मात्र शिट्टीच्या धाकाने धावत पाहत होतो, आणि त्या बैठकांवर माणसे टेकत होती ती केवळ फोटोपुरती. एका बैठकीसमोर तर रांग होती; माझा क्रमांक आला तेव्हा मी फोटो न काढता नुसताच बसून राहिलो, त्यावर मागच्या कुटुंबाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मोगल दरबारातही क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. त्यानंतर भाड्याचा काश्मिरी पोशाख, चांदीच्या रंगाचे दागिने आणि हातात सुरई अशा थाटात सौभाग्यवतींचे छायाचित्र झाले. तेवढ्या वेळात मला उभे राहण्याची विश्रांती मिळाली, हे कबूल केले पाहिजे.

याच बागेवरून सासऱ्या-जावयात बिनसल्याची कथा सांगतात. शहाजहानने बागेची तीनदा तोंड भरून स्तुती केली, पण सासरेबुवांनी 'घ्या, आपलीच आहे' असे काही म्हटले नाही. जावयाला दशमग्रह म्हणतात; इथे तो हिंदुस्थानचा बादशहाही होता, तेव्हा त्याने बागेचे पाणीच तोडले. उदास होऊन झाडाखाली पडलेल्या आसफखानासाठी त्याच्या एका नोकराने जिवावर उदार होऊन पाणी पुन्हा सोडले, आणि बादशहाने त्याला शिक्षा करण्याऐवजी पाण्याचा हक्कच मान्य केला. जावई या नात्याने माझी सहानुभूती शहाजहानकडे असायला हवी होती, परंतु त्या चढावर ती पूर्णपणे झाडाखाली पडलेल्या माणसाच्या बाजूला होती.

सगळ्यात वर जनानखान्याचा टप्पा आहे आणि त्याच्यापुढे सुमारे अठरा फूट उंचीची कमानदार भिंत. तिच्यापाशी पोहोचून मागे वळलो. खाली उतरत गेलेली हिरवळ, मधोमध पाण्याची रेघ, पलीकडे सरोवर आणि त्याच्याही पलीकडे पीर पंजालची बर्फाची रांग असे ते दृश्य इतके देखणे होते की आसफखानाने बाग का दिली नाही ते मला तत्काळ उमगले. त्याच क्षणी खालून शिट्टी ऐकू आली.

मावशी चिनाराखालीच होत्या. मधल्या काळात त्यांनी एका माळ्याशी ओळख काढून फुलांची सगळी नावे विचारून घेतली होती, कहवा घेतला होता आणि घासाघीस करून अक्रोड स्वस्तात मिळवले होते.

"मग, अगदी वरून काय दिसलं?" त्यांनी विचारले.

"तुम्ही बसलेल्या दिसलात," मी म्हणालो.