काहीतरी छान द्या

‘काहीतरी छान द्या,’ असं म्हणत वाचक टेबलावर कोपर टेकवतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. एरवी ग्रंथालयाच्या कामात मी चांगला निर्ढावलेला आहे. पुस्तकातली पानं फाडून नेणारे, पुस्तक हरवल्यावर ‘मी दिलं होतं, तुमच्याकडेच बघा’ असं छातीठोकपणे सांगणारे, दोन कपाटांच्या मधे उभ्या उभ्या डुलकी काढणारे, या सगळ्यांना मी पुरून उरलोय. ‘छान’पुढे मात्र मी हात टेकतो.

मेलविल ड्यूई नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवायची पद्धत काढली. त्यांच्या पद्धतीत इंग्रजी कादंबरी ८२३ वर मिळते, मराठी कादंबरी ८९१.४६३ वर. (आपल्यापर्यंत पोचायला टिंबानंतर आणखी तीन घरं चालावी लागतात, पण तो राग वेगळा.) ‘छान’साठी मात्र त्या भल्या माणसाने एक फळीसुद्धा राखून ठेवली नाही. ती फळी मी रोज डोक्यात घेऊन हिंडतो. आणि प्रत्येकाचं छान वेगळं. एका ताईंचं छान म्हणजे शेवटी सगळ्यांचं भलं. दुसऱ्या ताईंना पहिल्या प्रकरणात निदान एक तरी प्रेत लागतं, त्याशिवाय त्यांना झोप येत नाही. एका आजोबांना मी सहा महिने माणसाच्या एकाकीपणावरच्या कादंबऱ्या देत होतो. दर वेळी ते ‘नाही जमलं’ म्हणून परत करायचे. मी मनातल्या मनात त्यांच्या अभिरुचीची समीक्षा करत बसलो. शेवटी कळलं की त्यांना छान म्हणजे मोठा टाइप हवा होता.

यावर शास्त्रही आहे. नाही असं नाही. जॉइस सॅरिक्स या ग्रंथपाल बाईंचं सांगणं असं, की पुस्तक कशाबद्दल आहे यावर अडून बसू नका. कथेची गती कशी, माणसं कशी, कथानक कसं, वातावरण कसं, यांतलं वाचकाला काय भावतं ते ओळखा. त्यासाठी त्याला आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल बोलतं करा. मी एका सोमवारी सकाळी मोठ्या उत्साहाने हे करून पाहिलं.

‘अलीकडे आवडलेल्या एखाद्या कादंबरीबद्दल सांगा ना,’ मी म्हणालो.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. तिथेच मला धोका कळायला हवा होता. त्यांनी नायिकेच्या आजोबांपासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने नायिका जन्माला आली. मागे रांगेत नऊ माणसं झाली होती. त्यांतली तिघं आता गोष्टीत रंगली होती आणि एक गृहस्थ ‘मग त्या काकाने इस्टेट परत दिली का?’ असं मधेच विचारून त्यांना आणखी मागे नेत होते. सगळं ऐकून मी गती, पात्रं, वातावरण वगैरे जुळवून एक नवी कोरी कादंबरी त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, ‘नको. मी आत्ता सांगितली ना, तीच द्या. परत वाचावीशी वाटायला लागली.’

‘नवीन’ हा तर ‘छान’चाही थोरला भाऊ. ‘नवीन काय आलंय?’ असं ज्याच्या त्याच्या तोंडी. नवीन दाखवलं की ‘हा लेखक कोण? कधी नाव ऐकलं नाही.’ अहो, नाव ऐकलेलं नाही म्हणूनच तर तो नवीन! लोकांना नवीन हवं असतं म्हणजे आधी वाचलेलंच हवं असतं, फक्त ते आपण वाचलंय हे आठवता कामा नये.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो प्रश्न: ‘तुम्ही वाचलंय का?’

आता खरं सांगतो. मी पुस्तकांच्या गराड्यात दिवसाचे आठ तास बसतो आणि त्यातला वाचायला मिळणारा वेळ म्हणजे एखादा वाचक खिशात सभासद-पत्र शोधत असतो तेवढा. पण ‘नाही’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, की जणू आचाऱ्याने स्वतःचा स्वयंपाक चाखायला नकार दिलाय. म्हणून मी एक भाषा कमावलीय. ‘वेगळी आहे’ म्हणजे मी मलपृष्ठ वाचलं. ‘सुरुवात जरा संथ आहे, पण पुढे पकड घेते’ म्हणजे मी तीन पानांनंतर सोडली. ‘मला विचाराल तर तुम्हीच वाचून सांगा’ म्हणजे पुस्तक आजच गठ्ठ्यातून बाहेर काढलंय.

नॅन्सी पर्ल या सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र माझ्यासारख्यांची सोय केली आहे. त्यांचा नियम असा: कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्या, नाही रंगलं तर खुशाल सोडा. आणि वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढीच पानं. हा नियम मी आमच्या एका काकांना सांगितला. काका निवृत्त हिशेब तपासनीस, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी क्षणात ‘बावीस’ म्हटलं. मग विचारात पडले. ‘आणि शंभरी गाठली तर?’ तर मुखपृष्ठ बघून निकाल द्यायचा हक्क मिळतो, हेही बाईंनी सांगून ठेवलंय. काकांना हा हिशेब फार पटला. तेव्हापासून ते प्रत्येक कादंबरीचं बरोबर बाविसावं पान उघडून ‘आता इथपर्यंत काय घडवलंय बघू’ म्हणतात, आणि बहुतेक परत ठेवतात.

तर मुद्दा एका कादंबरीचा. लेखक नवा, पहिलंच पुस्तक, तीनशे बारा पानं. आणि ही खरंच मी वाचली होती, अगदी शेवटपर्यंत, घरी नेऊन, दोनदा. माझ्या नोकरीत हे इतकं क्वचित घडतं, की कोणीतरी येऊन ‘तुम्ही वाचलंय का?’ विचारावं म्हणून मी अक्षरशः टपून बसलो. आठ महिने कोणी विचारलं नाही. दर्शनी फळीवर ठेवली. टेबलावर उभी केली. एकदा तर मी स्वतः ती उघडून वाचता वाचता मोठ्याने हसलो; एक ताई लगबगीने आल्या आणि काळजीने ‘बरं वाटतंय ना?’ विचारून गेल्या.

एस. आर. रंगनाथन या आपल्याकडच्या ग्रंथपालांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला तिसरा म्हणजे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. हा सिद्धांत परीक्षेत लिहायला सोपा आहे. रोज संध्याकाळी कुलूप लावताना त्या पुस्तकाच्या नजरेला नजर देणं अवघड.

कारण मला कळून चुकलं होतं. वाचक मलपृष्ठ बघत नाहीत, माझं तर मुळीच ऐकत नाहीत. ते शेवटचं पान उघडतात आणि परतीच्या तारखांची पट्टी बघतात. पट्टीवर शिक्के दाटीवाटीने असले की पुस्तक चांगलं. हिची पट्टी कोरी करकरीत. आठ महिने कोणी शिवलं नाही, मग आपणच का शिवा?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शिक्का हातात घेतला.

पहिला मारताना हात थरथरला. तिसऱ्यापर्यंत मला त्यात कला दिसू लागली. एक शिक्का तिरका मारला, घाईत असलेल्या सहकाऱ्याने मारल्यासारखा. एकाला शाई कमी. एक उलटा मारून खोडला. मधे महिनाभर कोणीच नेलं नाही असं दाखवलं, म्हणजे विश्वास बसेल. अकरा शिक्के झाल्यावर पुस्तक जरा मागे धरून पाहिलं. फारच लोकप्रिय दिसत होतं बिचारं.

दुसऱ्या दिवशी ते उचललं ते नेमकं काकांनी. बाविसावं पान उघडायच्या आधी त्यांनी शेवटचं पान उघडलं. चष्मा वर केला. मग सुरुवातीला जाऊन दाखल तारखेचा शिक्का पाहिला. पुन्हा शेवटी. मी जवळच्या खणातली पुस्तकं नीट करू लागलो. ती आधीच नीट होती.

‘यातले पहिले दोघं,’ काका म्हणाले, ‘हे पुस्तक ग्रंथालयात येण्याआधीच घेऊन गेले.’

मी ‘हो का?’ एवढंच म्हणालो.

‘या दोन तारखांत चार दिवसांचं अंतर. तीनशे बारा पानं. आणि इथे परतीची तारीख सुट्टीच्या दिवशी.’ त्यांनी बोट तिरक्या शिक्क्यावर ठेवलं. ‘हा मात्र सुरेख जमलाय.’

मग, तो नियम ऐकल्यापासून प्रथमच, बावीस पानांची परीक्षा न घेता त्यांनी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. ‘नोंद करा.’ मी बारावा शिक्का मारला, पहिला खरा. तो पुसट उमटला.

नवव्या दिवशी काका परत आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. मी उभाच राहिलो.

‘वाचलीत?’

‘पूर्ण. ठीक आहे. मधे जरा रेंगाळते.’ त्यांनी शेवटचं पान उघडून पट्टी माझ्याकडे वळवली. ‘हे जास्त रंगलं. या लेखकाचं आणखी काही आलंय का?’