कुंपण, परवाना आणि त्या गुरुवारची कडी

ताई,

आमच्या पाळणाघराला ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा देऊन तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा रस्त्याच्या गेटवर चढलेला दिसला, कंपाऊंड ठेंगणं आहे आणि राहत्या गल्लीत आम्ही विनापरवाना पाळणाघर चालवतो. जाता जाता फलकावरच्या बारीक मराठीचाही टोमणा आहे.

पहिली गोष्ट खरी आहे. गुरुवारी पाचच्या सुमाराला गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि त्याच्यामागे कडी कुणीच लावली नाही. तुम्ही न्यायला आलात तेव्हा पोरगा गेटच्या खालच्या आडव्या पट्टीवर उभा होता, एक गुडघा गजांतून बाहेर. आमच्या मदतनीस मावशी दोन ढांगांवर होत्या, पण ते सांगून मी सुटका करून घेणार नाही. कडी लागली की नाही हे बघणं माझं काम होतं. चुकलं माझं.

तुम्ही गेल्यावर टेप घेऊन बसले. गेटच्या दोन गजांत साडेपाच इंच निघाले. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून ही फट चार इंचांच्या आत लागते. त्यात फूटभर उंचीवर ती आडवी पट्टी, म्हणजे आपणच शिडी लावून दिलेली. गेट घराबरोबरच आलेलं, गुरं आत शिरू नयेत म्हणून कधीकाळी बसवलेलं. चार वर्षं रोज मी ते उघडलं-लावलं, पण मुलाच्या उंचीवर बसून कधी बघितलं नाही. चिऱ्याच्या भिंतीवरच्या काचा काढून टाकल्या तेव्हा मात्र स्वतःची पाठ थोपटून घेतली होती!

पण ‘सहा फूट पत्रे ठोका’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. इथे बेळगावात, टिळकवाडीतलं ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणजे रेल्वेचं फाटक बंद झालं की रिक्षा, टू-व्हीलर सगळे आमच्या गल्लीतून काढतात. पुढे बंद पत्रा आला तर गाडी मागे घेणाऱ्याला गेटमधलं मूल दिसणार नाही, आणि आत काय चाललंय ते रस्त्यावरून कुणालाच कळणार नाही. शिवाय रस्त्याकडची भिंत मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, मंजुरी लागते. बाजूची भिंत तर शेजारच्या काकांची आणि आमची सामाईक.

म्हणून पुढची भिंत तशीच ठेवून चार फूट आत दुसरं कुंपण घेतोय. उभे गज, मध्ये आडवं काही नाही, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. दार आतल्या बाजूला उघडणारं, बिजागरीला स्प्रिंग, त्यामुळे सोडलं की आपोआप मिटेल. कडी बाहेरून, मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच. एक दार मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम गॅसवाल्यालाही आणि तुम्हा-आम्हालाही. माप उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दिलंय.

आता परवाना. जागा रहिवासी आहे, बरोबर. पण रहिवासी म्हणजे पाळणाघराला सरसकट बंदी असं नसतं. शहराच्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे जमीन-वापराच्या आराखड्यात, त्या जागेला कोणता वापर चालतो ते बघावं लागतं. आम्ही उघडण्याआधी ते बघून मंजुरी घेतली. महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना हा वेगळा कागद, त्याचं नूतनीकरण दरवर्षी. एक असला म्हणून दुसरा लागत नाही असं नाही, आणि बांधकामाची मंजुरी या दोन्हींहून निराळी. तुम्ही हे कागद मागितलेत तेव्हा मावशींनी कपाटाची किल्ली नाही म्हणून सांगितलं. तुमच्या जागी मलाही संशय आला असता. आता प्रती आत शिरताच भिंतीवर लावल्या आहेत. कन्नडमध्ये आहेत, ओळ न् ओळ मराठीत सांगायला मी बसेन की.

फलकाचं म्हणाल तर कर्नाटकच्या 2024 च्या कायद्याने 60 टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. उरलेल्या जागेत मराठी आणि फोन नंबर. आत खुंट्यांवरची मुलांची नावं मात्र मराठीतच आहेत, मोठ्या अक्षरांत.

राहिलेल्या दिवसांची फी आज परत पाठवते, मुलाला परत पाठवा न पाठवा. शनिवारी दुपारी दार बसतंय. यायचं झालं तर टेप घेऊन या, आधी तुम्हीच मोजा. त्याचा निळा डबा इथेच राहिलाय, धुऊन ठेवलाय.