हजार वॅटचा गोल्ड एसएमपीएस घेतला की सगळं सुटत नाही

नवा पीसी जुळवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हजार वॅटचाच घ्या, कमी भारावर चालेल आणि आवाज करणार नाही. वर ८० प्लस गोल्ड हा कार्यक्षमतेचा शिक्का असला की भरवसा आलाच. दोन नग हातात घेऊन जो जड लागेल तो घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर लाइट जाण्याची काळजी सोडा. आणि कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस बदला.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस जळाला तेव्हा माझी हार्ड डिस्कही सोबत गेली, आणि तिच्यावरचे आईच्या साठीचे फोटोही. म्हणून हा सल्ला वाचून गप्प बसवत नाही.

आधी वॅटचं बघू. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांना ढोबळ ५० धरा. सगळं मिळून २५० वॅटच्या आसपास, तेही दोन्ही पूर्ण ताणावर असताना. म्हणजे चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस इथे आधीच निम्म्या भारावर चालतोय. आवाज पंख्याचा असतो आणि पंखा फिरतो तो उष्णतेमुळे. २५० वॅट पुरवताना कार्यक्षमता ९० टक्के असेल तर २८ वॅट उष्णता होते, ८० टक्के असेल तर ६२. दुप्पट उष्णता बाहेर फेकायची तर पंख्याला जोरात पळावं लागतं, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. स्वस्तातल्या हजार वॅटवाल्यात छोटा, हलक्या बेअरिंगचा पंखा असेल तर तो चांगल्या ५५० वॅटवाल्यापेक्षा जास्त घरघरेल. आरटीएक्स ४०९० सारखं एकटंच ४५० वॅट ओढणारं कार्ड असेल तर ८५० किंवा हजार वॅट जरूर घ्या, तिथे ते लागतातच.

आवाजाचं माप हवं असेल तर सायबेनेटिक्स ही संस्था ते स्वतंत्रपणे मोजते. १५ डेसिबलच्या खाली आवाज असेल तर ए प्लस प्लस, २० ते २५ असेल तर ए. मी तरी वॅटच्या आकड्याआधी हे बघतो. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारी मॉडेलं मला फारशी आवडत नाहीत. मे महिन्यात तो पंखा दर थोड्या वेळाने सुरू-बंद होतो, आणि रात्री ते सततच्या मंद फिरण्यापेक्षा जास्त खुपतं.

गोल्डचा शिक्का हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. ८० प्लसची चाचणी कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर बघते, तेही २३ अंश तापमानात आणि कंपनीनेच दिलेल्या नमुन्यांवर. नागपुरात मे महिन्यात खोलीच ३५ अंशांच्या वर असते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. १२ व्होल्टच्या लाइनवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेत आहे का, जास्त भार आल्यावर संरक्षण वेळेवर वीज तोडतं का, आतले कपॅसिटर ८५ अंश तापमान सोसणारे आहेत की १०५, यातलं काहीच तो शिक्का सांगत नाही. गिगाबाइटची पी७५०जीएम आणि पी८५०जीएम ही दोन्ही मॉडेलं गोल्डच होती. चाचण्यांमध्ये त्यांचे नग जळाल्यावर २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने अतिभार संरक्षणाची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं आणि ठरावीक सिरीयल नंबरचे नग बदलून देऊ केले. गोल्ड असणं वाईट नाही, पण भरवशाला त्या नेमक्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचावी लागते आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघावं लागतं. लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअरही बघा. ‘४५० वॅट’ छापलेल्या नगावर तिथे १८ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्डाला मिळणार २१६ वॅट.

वजनाचा ठोकताळा आता जुना झाला. जुन्या पद्धतीच्या पॅसिव्ह पीएफसीत, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटमध्ये, लोखंडी गाभ्याची मोठी कॉइल असते, तिच्यामुळेही नग जड लागतो.

इन्व्हर्टरचं मात्र नीट समजून घ्या, कारण लोडशेडिंग असलेल्या गावात रोज याच्याशी गाठ आहे. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या फटीत एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरने तग धरायचा असतो. एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात ८० टक्के भारावर १७ आणि पूर्ण भारावर १२ मिलीसेकंदांची अपेक्षा आहे. इन्व्हर्टर त्याहून हळू बदलला तर पीसी बंद पडणार. अनेक घरगुती इन्व्हर्टरांना यूपीएस मोडची कळ असते, ती त्या बाजूला हवी. कमी भारावर तग जास्त वेळ टिकतो, तेव्हा मोठ्या वॅटचा इथे थोडा फायदा आहे हे मान्य. पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसीचे बरेच एसएमपीएस कुरकुरतात, म्हणून साइन वेव्हचाच घ्या.

राहिल्या झिणझिण्या. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण हाताला जाणवतो. चांगल्या एसएमपीएसमध्येही हे होतंच, कारण ते कपॅसिटर त्याच्यात असायलाच हवेत. तिसरी पिन कापलेला प्लग किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर वापरत असाल तर तो आधी काढा, मग वायरमनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. ते न करता पाच-सहा हजारांचा नवा एसएमपीएस बसवलात तरी कॅबिनेटला हात लावल्यावर त्याच झिणझिण्या येतील.