दुःखाच्या गाण्यात व्हायोलिनने काय करावं?

लॅम्बचॉप या अमेरिकन बँडचा 'मिस्टर एम' (2012) हा अल्बम मी सध्या पुन्हा ऐकतोय, आणि जे वाटतं ते सरळ लिहून टाकतो. विक चेसनट हा जवळचा मित्र गेल्यावर बँडच्या गायकाने केलेल्या संगीतात इतका संयम मी क्वचितच ऐकलाय. व्हायोलिनचा ताफा हाताशी असून तो एकदाही आपल्या गळ्यात पडून रडत नाही.

हा बँड नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्री (अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकसंगीतातून आलेल्या) संगीताच्या माहेरघरातला. गायक आणि गीतकार कर्ट वॅगनर. कित्येक वर्षं हा माणूस लोकांच्या घरांत लाकडी फ्लोरिंग बसवायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांना जमवून वाजवायचा. मित्र वाढत गेले, सॅक्सोफोनवाले आले, पेडल स्टील (पायाच्या पेडलने सूर वळवता येणारी आडवी गिटार) वाजवणारा आला, आणि बँड डझनाच्या वर गेला. 1994 च्या पहिल्या अल्बमच्या श्रेयनामावलीत तर एकाच्या नावापुढे वाद्य म्हणून नटबोल्ट आवळायचे पाने लिहिलेत! इतकी माणसं एकत्र बसूनही आवाज मात्र शेजारच्या खोलीतल्या बोलण्याएवढाच. पुढे संख्या कमी झाली, पण ही सवय टिकली.

नॅशव्हिलमध्ये व्हायोलिन म्हटलं की जुनं भांडण निघतं. रॉक अँड रोलने कंट्रीचा बाजार खाल्ला, तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीला चेट अ‍ॅटकिन्स, ओवेन ब्रॅडली अशा निर्मात्यांनी गावाकडची फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारली आणि गुळगुळीत व्हायोलिन, मागे कोरस असा शहरी थाट आणला. गायिका पॅट्सी क्लाइनची गाणी त्यातलीच. कट्टर कंट्रीवाल्यांना हा बाटलेला प्रकार वाटला. वॅगनरच्या पिढीतल्या बहुतेक ऑल्ट-कंट्री (मुख्य प्रवाहाबाहेरच्या कंट्री) बँडनी तो टाळून खरखरीत गिटारींचा रस्ता धरला. लॅम्बचॉपने मात्र तोच थाट आपला मानला, आणि त्यातला गोडवा काढून टाकला. मला हे फार मोठं काम वाटतं. गोव्याच्या अरेंजर मंडळींनी हिंदी सिनेमासाठी लिहिलेल्या व्हायोलिनवर आपले कान घडलेत, त्यामुळे व्हायोलिन सुरू झाले की आता हुंदका येणार, अशी तयारी आपण आपसूकच करतो. इथे ती तयारी वाया जाते.

हा अल्बम विक चेसनटला अर्पण केलाय. चेसनट हाच तो मित्र, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सचा गीतकार. अठराव्या वर्षी मोटार अपघात झाला, पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर, हातातही पूर्वीची ताकद नाही, तरी गिटार सोडली नाही. 25 डिसेंबर 2009 ला तो गेला. वय 45. त्यानंतर वॅगनर संगीतापासून लांब जाऊन चित्रं काढत बसला. अल्बमचं मुखपृष्ठही त्याच्याच चित्राचं आहे.

आता पहिलंच गाणं घ्या. सुरुवातीला जुन्या सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखे भरदार व्हायोलिन, आणि त्यावर वॅगनरचा घोगरा आवाज येतो तो चक्क एक शिवी घेऊन. पुढे स्वयंपाकघरात आजोबा खोकताहेत, आणि लगेच गायक म्हणतो की व्हायोलिन छान वाटताहेत, बासरी घालावी का? म्हणजे ज्या साजावर गाणं उभं आहे तो साज तो आपल्यासमोर उघडा करून दाखवतो. दुःखात माणसाचं डोकं असंच चालतं ना? मयताच्या घरीसुद्धा कुणीतरी दूध आणलं का म्हणून विचारतंच. पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा या ओळीपाशी मला अक्षरशः थांबावं लागलं.

'गॉन टुमॉरो' हे माझं सगळ्यात आवडतं. शब्द संपतात, गाणं संपलं असं वाटतं, पण वाद्यं उठतच नाहीत. पियानो, ड्रम, व्हायोलिन काही मिनिटं तसेच चालत राहतात. कुठे चढत नाहीत की टाळीची जागा शोधत नाहीत.

हे संगीत कंटाळवाणं आहे, सगळी गाणी एकसारखी वाटतात, अशी तक्रार मी ऐकलीय. वॅगनरचे शब्द तुटक आहेत, अर्थ चटकन हाती लागत नाही, हे मला मान्य. पण एकसारखी? ट्रॅफिकमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर लावलीत तर वाटणारच. या अल्बमचा निम्मा ऐवज कोण कधी गप्प बसलंय यात आहे, आणि तो ऐकायला हेडफोन आणि सलग पाऊण-एक तास तरी लागतो. तेवढं द्याच, असा माझा आग्रह आहे.

आणि तो आवडला तर मागे जाऊन चेसनटचा 1998 चा 'द सेल्समन अँड बर्नाडेट' ऐका. त्यात त्याच्यामागे वाजवणारा बँड लॅम्बचॉपच आहे, दोघं एका खोलीत, मस्त रंगात आलेले.